अभ्यासदौरा नव्हे, सुट्टी!

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी अकरा दिवस फ्रान्समध्ये सायकल चालवली, रात्री तंबूत झोपले आणि काहीही उपयोगाचं केलं नाही. हे शेवटचं मी मुद्दाम लिहिते आहे, कारण परत आल्यापासून आपल्याच गोटातल्या मैत्रिणी मला पुन्हा पुन्हा त्याबद्दल विचारताहेत. कुठल्या संस्थेनं पाठवलं? परिषद होती का? तिथल्या बायकांच्या गटांना भेटलीस ना? अहवाल लिहिणार आहेस का? नाही, कुणी पाठवलं नाही, परिषद नव्हती, अहवाल नाही, असं म्हटलं की चेहरा थोडा उतरतो. मग पुढचा प्रश्न येतो, मुलीला कुणाकडे ठेवलंस? माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिला बाप आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. "म्हणजे अकरा दिवस त्यानं एकट्यानं केलं? बिचारा!" हे वाक्य मी चारचौघींच्या तोंडून ऐकलं, आणि त्यातल्या तिघी घरकामाच्या वाटणीवर व्याख्यानं देतात.

एका शिबिरात तर ज्यांच्याकडून मी काम शिकले अशा एक ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे असले शौक चळवळीला परवडणारे नाहीत." त्यांच्याबद्दलचा माझा आदर तसाच आहे. पण हे म्हणणं मला मुळीच मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे सांगायला मी हा लेख लिहिते आहे.

आधी पैशाचं बोलते, म्हणजे ते मनात घोळत राहणार नाही. तीन वर्षं भिशी लावली. सगळ्यात मोठा खर्च विमानाचा. माझी समाजकार्याच्या वर्गातली मैत्रीण बारा वर्षं जर्मनीत आहे, सायकली आणि तंबू तिचे. नगरपालिकांच्या तळावर दोघींचा आणि तंबूचा मिळून रात्रीला पंधरा-वीस युरो खर्च, जेवण पाव, चीज, टोमॅटो, कधी भात. प्रत्येकीनं फ्रान्सला जावं असं मी म्हणत नाही. माझ्या पगारात मीही पुन्हा जाईन असं वाटत नाही. माझा वाद फ्रान्ससाठी नाही, रजेसाठी आहे. फ्रान्सचं बोलायचं ते एवढ्यासाठी, की रजा ही लढून मिळवायची गोष्ट आहे हे तिथल्या रस्त्यावर दिसतं.

आमचा रस्ता असा होता. तूर या शहरापासून लुआर नदीच्या काठाकाठानं पश्चिमेकडे सोम्यूर, आँजे, नाँत. सँ-ब्रेव्हाँला नदी अटलांटिकला मिळते, तिथून किनाऱ्यानं दक्षिणेला ला रोशेलपर्यंत. सुमारे साडेपाचशे किलोमीटर. नदीकाठचा भाग बहुतेक सपाट. दोन्ही बाजूंना द्राक्षमळे, सूर्यफुलाची शेतं, मका. वारा मात्र समुद्राकडून येतो, म्हणजे आमच्या तोंडावर. गावं छोटी, दुपारी सामसूम. पाणी हवं तर दफनभूमीत जायचं, तिथे हमखास नळ असतो, हे सायकलवाल्यांना ठाऊक असतं. तळावर स्वच्छ संडास आणि गरम पाण्याची न्हाणीघरं. मुंबईत २०११ पासून बायका 'राइट टू पी' म्हणून मुताऱ्यांसाठी भांडताहेत. त्या पार्श्वभूमीवर एखाद्या हजार-दोन हजार वस्तीच्या गावातल्या पालिकेनं परक्या बाईसाठी कडी लागणारं दार आणि वाहतं पाणी ठेवावं, याचं अप्रूप मला गढ्या-राजवाड्यांपेक्षा जास्त वाटलं. पाळीचे दोन दिवस रस्त्यातच गेले. त्रास झाला तो फक्त वाऱ्याचा.

हे तळ, या सायकली, ऑगस्टमधली ही तंबूंची जत्रा आकाशातून पडलेली नाही. मे-जून १९३६ मध्ये फ्रान्समध्ये जवळजवळ वीस लाख कामगार संपावर गेले. कारखान्यांचे ताबे घेतले. त्यांत कापडगिरण्यांतल्या बायका होत्या, पॅरिसच्या मोठमोठ्या दुकानांतल्या विक्रेत्या मुली होत्या. नुकतंच निवडून आलेलं लेओं ब्लुम यांचं पॉप्युलर फ्रंटचं सरकार होतं. २० जून १९३६ च्या कायद्यानं प्रत्येक कामगाराला वर्षाला पंधरा दिवसांची भरपगारी रजा मिळाली. लगेच आठवडा चाळीस तासांचा झाला. लेओ लाग्रांज या मंत्र्यानं रेल्वेचं तिकीट चाळीस टक्के सवलतीनं मिळवून दिलं आणि त्याच उन्हाळ्यात सुमारे सहा लाख लोक त्यावर प्रवासाला निघाले. ज्यांना तेही परवडलं नाही ते दोघांच्या जोडसायकलींवर तंबू बांधून निघाले. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्या कामगारांची त्या उन्हाळ्यातली छायाचित्रं आजही तिथे जिव्हाळ्यानं छापतात. पुढे १९५६ ला तिसरा आठवडा, १९६९ ला चौथा, १९८२ ला पाचवा.

आता माझ्या ताईंना मला विचारायचं आहे. १९३६ साली मंदी होती, बेकारी होती, शेजारच्या देशात हिटलर होता. त्या वेळी फ्रान्समधल्या कामगार चळवळीनं "हे शौक परवडणारे नाहीत" असं म्हटलं असतं तर चाललं असतं की नाही? त्यांनी मजुरीवाढीबरोबर समुद्रही मागितला. पोट भरल्यावर पुढचं बघू, असं नाही म्हटलं.

अर्थात बायकांच्या बाजूनं पाहिलं तर ही गोष्ट एवढी गोड नाही. त्या १९३६ च्या सरकारात तीन स्त्रिया उपमंत्री होत्या. इरेन झोलिओ-क्यूरी त्यांतल्या एक. आणि या तिघींना मतदानाचा अधिकार नव्हता! तो फ्रान्सच्या बायकांना १९४४ च्या हुकुमानं मिळाला, पहिलं मत त्यांनी १९४५ साली टाकलं. १९३६ च्या करारांतही बायकांची मजुरी पुरुषांपेक्षा कमीच राहिली. आणि तंबूत भात कुणी शिजवला असेल, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

सोम्यूरच्या अलीकडे नदी सोडून चार-पाच किलोमीटर चढ चढलं की फोंतव्रोचा मठ लागतो. ११०१ सालचा. या मठात स्त्रियाही होत्या आणि पुरुषही, पण प्रमुख स्त्रीच असायची असा नियम होता. छत्तीस मठाधिपती झाल्या, सगळ्या बायका, फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत. म्हणजे जवळजवळ सातशे वर्षं साधू पुरुष एका बाईच्या हुकमतीत राहिले आणि आभाळ कोसळलं नाही. (त्या बहुतेक राजघराण्यांतल्या आणि सरदारांच्या लेकी होत्या, हेही खरं. भाबडेपणा नको.) १८०४ साली नेपोलियननं या मठाचा तुरुंग केला, तो १९६३ पर्यंत तुरुंगच होता. आणि त्याच १८०४ मध्ये त्याची नागरी संहिता आली, जिनं लग्न झालेल्या बाईला कायद्यानं नवऱ्याच्या आज्ञेत ठेवलं. नवऱ्याच्या संमतीशिवाय नोकरी धरणं आणि स्वतःच्या नावानं बँकेत खातं उघडणं बायकोला शक्य झालं ते १९६५ च्या कायद्यानं. आँजेच्या पुढच्या तळावर दोन निवृत्त बायका भेटल्या, एक शिक्षिका, एक नर्स, दोघी सत्तरीच्या, दरवर्षी सायकलवर निघणाऱ्या. शिक्षिकेला आठवत होतं, आईनं शिवणकामाचे पैसे साखरेच्या डब्यात ठेवले होते, कारण बँकेत वडिलांची सही लागे. माझ्या आजीचा डबा तांदळाचा होता, एवढाच फरक.

आणि सायकलची गंमत ऐका. पॅरिसमध्ये १८०० सालचा पोलिसांचा हुकूम होता की बाईला पुरुषी पोशाख, म्हणजे पँट, घालायची असेल तर परवानगी काढावी. १८९२ आणि १९०९ च्या परिपत्रकांनी त्यात सूट दिली. बाईच्या हातात घोड्याचा लगाम किंवा सायकलचं हँडल असेल तर पँट चालेल! म्हणजे सायकल भिंतीला टेकवली की गुन्हा. हा हुकूम कागदावर तसाच पडून होता. तो रद्दबातल असल्याचं तिथल्या स्त्री-हक्क मंत्रालयानं २०१३ साली अधिकृतपणे सांगितलं. आपल्याकडे साडी-ड्रेस-जीन्सवरून शाळा-कॉलेजांतून निघणारी परिपत्रकं वाचताना मला ते लगाम आणि ते हँडल आठवतं. बाई कामासाठी कुठेतरी निघाली असेल तर सूट, नुसती उभी असेल तर नाही. अभ्यासदौऱ्याला होकार आणि सुट्टीला नकार देणाऱ्या आपल्या संस्था याहून फार वेगळं काय करतात?

तळावर भांडी घासायला एक सामायिक ओटा असतो, सात-आठ नळांचा. संध्याकाळी सगळे आपापली टोपली घेऊन तिथे येतात. एका रात्री मी मोजले, अकरा माणसं भांडी घासत होती, त्यांत सहा पुरुष. मला तो देखावा फार आवडला, मी मैत्रिणीला तसं म्हटलं. ती हसून म्हणाली, ही सुट्टीतली समानता आहे, घरी गेल्यावर बघ. तिचं बरोबरच असणार. फ्रान्सच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या २०१० च्या पाहणीत घरकामाचा जवळजवळ दोन तृतीयांश भार बायकांवर होता. पण मला त्यातून उलटी गोष्ट दिसते. ज्याला पंधरा दिवस सगळ्यांदेखत पातेलं घासता येतं, त्याला वर्षभर घासता न येण्याचं कारण हात नव्हे. भिंती नसल्या, शेजारी बघत असले, आणि बाई खुर्ची टाकून पुस्तक वाचत बसली असली, की पुरुष उठतो. ती बसली पाहिजे, ही पहिली अट. बसायला आपल्याला कोण शिकवणार?

किनाऱ्याच्या वाटेवर एका गावात सकाळी पावाच्या दुकानाला कुलूप होतं. दारावर हातानं लिहिलेला कागद, वार्षिक रजा, तीन आठवडे बंद. त्या गावात दुसरं दुकान नव्हतं. आम्ही बिस्किटांवर तेरा किलोमीटर गेलो. बेकरीवालीनं (कागदाखाली सही बाईची होती) ऐन हंगामात, गिऱ्हाईक दारात असताना, रजा घेतली. हे आपल्याकडच्या एखाद्या खानावळवालीला सांगून बघा. दूधवाल्या शेतकऱ्यांचीही तिथे सोय आहे. गाईंना तर रविवार नसतो, पण मालक-मालकीण रजेवर गेली की धारा काढायला बदली माणूस पाठवणाऱ्या शेतकऱ्यांच्याच संघटना आहेत, आणि त्या खर्चासाठी २००६ पासून सरकार करात सवलत देतं. शेतकऱ्याच्या बायकोला 'सहकारी' म्हणून कायद्यानं वेगळं स्थान मात्र १९९९ साली मिळालं. तोवर तीही आपल्या सातबाऱ्याबाहेरच्या बायकांसारखीच, राबणारी आणि कागदावर नसणारी.

सगळ्या फ्रान्सला ही सुट्टी मिळते असंही नाही. दर पाच माणसांत साधारण दोघं वर्षभरात कुठेच जात नाहीत, आणि ते कोण असणार हे आपल्याला सांगायला नको. कमी पगाराचे, एकट्यानं मुलं वाढवणाऱ्या आया, वस्त्यांतली स्थलांतरित कुटुंबं. तळावरची न्हाणीघरं सकाळी पुसायला येणारी बाईही अशीच असावी. तिची रजा कधी असते हे विचारण्याइतकी भाषा मला येत नव्हती. पण फरक असा की तिथे हा अन्याय मानला जातो. १९८२ पासून कमी उत्पन्नाच्या लोकांना सुट्टीच्या खर्चासाठी धनादेश देणारी सार्वजनिक यंत्रणा आहे. आपल्याकडे गरीब बाईला सुट्टी नाही याचं दुःख अजून तिच्या कैवाऱ्यांनाही झालेलं नाही.

नुआरमुतिए हे एक बेट आहे. तिथे जायला पूल आहे, पण जुनी वाट म्हणजे 'गुआ', समुद्राच्या तळावरून जाणारा चार किलोमीटरहून थोडा लांब फरसबंद रस्ता. दिवसातून दोनदा भरतीत तो पूर्ण बुडतो. ओहोटीच्या आगेमागे दीड-दीड तास मोकळा असतो, तेवढ्यात पार व्हायचं. अडकलेल्या माणसांना चढून बसायला मध्ये मध्ये खांबांवर मचाणं केली आहेत. आम्ही गेलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिखलात शेकडो माणसं ओणवी होऊन शिंपले वेचत होती. मुलं, आजोबा, बायका, हातात बादल्या. सगळे मजेत. मला रत्नागिरीकडच्या खाडीतल्या तिसऱ्या काढणाऱ्या बायका आठवल्या. तीच ओहोटी, तोच बाक, कमरेएवढा चिखल, आणि वर वाटा घेऊन बाजारात बसायचं. त्या बायकांपैकी कितीजणी समुद्राकडे तोंड करून नुसत्या बसल्या असतील? आम्ही त्या दिवशी बसलो. तास-दीड तास. पाणी दोन्हीकडून येऊन रस्ता झाकताना पाहिला. शेवटी फक्त मचाणांचे खांब उरले. मी काही विचार केला नाही, कुणाचा प्रश्न सोडवला नाही. मला आठवत नाही, एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून मी असा दीड तास कधी घालवला होता.

आता सुरक्षिततेचं. कारण "परवडत नाही" हे संपलं की "सुरक्षित नाही" हे सुरू होतं. तंबू म्हणजे पातळ कापड आणि एक चेन. पहिल्या रात्री मी जवळजवळ जागीच होते. आणि मला एक जुनं प्रकरण ठाऊक होतं, म्हणूनही झोप येत नव्हती. ते आपल्या वाचकांना माहीत असायला हवं.

ऑगस्ट १९७४. आम्ही होतो त्या किनाऱ्यापासून खूप दूर, दक्षिणेला भूमध्य समुद्रावर मार्सेयजवळ मोर्जिऊच्या खाडीत दोन बेल्जियन तरुणींनी सुट्टीत तंबू ठोकला होता. त्यांतल्या एका पुरुषाला त्यांनी झिडकारलं होतं. रात्री तो आणखी दोघांना घेऊन आला आणि तिघांनी त्यांच्यावर बलात्कार केला. मुलींनी लगेच तक्रार दिली. पण प्रकरण खालच्या न्यायालयात गेलं ते मारहाण म्हणून. त्या काळी तिथे बलात्काराचे खटले बहुधा असेच खाली ढकलले जात. जिझेल अलिमी या वकील बाईंनी आणि स्त्रियांच्या संघटनांनी हट्ट धरला की हा गंभीर गुन्हा आहे, तो वरच्या फौजदारी न्यायालयातच चालला पाहिजे, आणि उघड चालला पाहिजे. मे १९७८ मध्ये एक्स-आँ-प्रोव्हाँस इथे निकाल लागला. एकाला सहा वर्षं, दोघांना चार-चार. खटल्याभोवतीच्या चर्चेमुळे डिसेंबर १९८० मध्ये फ्रान्समध्ये बलात्काराची स्पष्ट व्याख्या करणारा कायदा झाला.

या तारखा वाचताना आपल्याला दुसऱ्या तारखा आठवतात. मथुरा प्रकरण १९७२ चं. पोलिसांना सोडून देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सप्टेंबर १९७८ चा, म्हणजे एक्सच्या निकालानंतर चारच महिन्यांनी. चार कायदेतज्ज्ञांचं खुलं पत्र १९७९ चं, देशभरची आंदोलनं १९८० ची, कायद्यातली दुरुस्ती १९८३ ची. मी या दोन्ही प्रकरणांना एका मापात घालत नाही. एक आदिवासी मजूर मुलगी, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, ज्यांनी रक्षण करायचं त्यांच्याच हातात. दुसऱ्या दोघी शिकलेल्या, सुट्टीवर आलेल्या, ज्यांच्या बाजूनं नामांकित वकील उभे राहिले. पण दोन्हीकडे प्रश्न बाईलाच विचारले गेले. इथे, तू आरडाओरडा का केला नाहीस? तिथे, तुम्ही दोघीच तंबूत राहायला गेलातच का? बचावाचा सगळा भर त्यावर होता.

आणि याच मुद्द्यावर मला आपल्या संघटनांशी भांडायचं आहे. त्या दोघी तिथे का होत्या? समुद्र होता, उन्हाळा होता, त्यांना जावंसं वाटलं. एवढं उत्तर पुरतं. त्या दोघींच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या बायकांनी हेच उत्तर पुरेसं मानलं. मुलींनी तंबूत राहू नये, अशी पत्रकं त्यांनी काढली नाहीत. आणि आपण? कॉलेजांत, वस्त्यांत आपण जी 'सुरक्षितता' शिबिरं घेतो, त्यांत वाटायच्या पत्रकांत काय असतं? उशिरा एकट्या थांबू नका. निर्जन ठिकाणी जाऊ नका. घरी कळवून जा. मी स्वतः अशी पत्रकं ढिगानं पाहिली आहेत, खाली स्त्री-संघटनेचं नाव आणि मूठ वळलेलं चित्र! मुलीच्या बापानं हेच वाक्य म्हटलं की आपण त्याला पुरुषप्रधान म्हणतो. मुंबईतल्या तीन अभ्यासक बायकांनी २०११ साली 'व्हाय लॉयटर' या पुस्तकात मांडलं होतं की सार्वजनिक जागेत विनाकारण रेंगाळणं हाच बाईचा हक्क आहे. पुस्तकाचं आपण स्वागत केलं, चर्चासत्रं घेतली. पत्रकं मात्र तीच राहिली.

दुसरा आक्षेप असा येतो, की तू मध्यमवर्गीय, तुला सुचतं. ऊसतोड करणाऱ्या बाईला काय सांगणार? मी म्हणते, तिला सांगायचंच नाहीये काही. ऊसतोडीत एक दिवस गेलं नाही तर खाडा पडतो, मजुरी कापून वर दंड भरावा लागतो. पाळीच्या त्रासानं खाडे पडतात म्हणून बीड जिल्ह्यातल्या बायकांनी गर्भाशयं काढून घेतली, हे २०१९ साली सगळ्या देशानं वाचलं. ज्या बाईला एक दिवसाच्या रजेची किंमत अवयवानं मोजावी लागते, तिच्यासाठी रजा हा शौक आहे असं कोण म्हणेल? १९४८ च्या कारखाना कायद्यानं कामगारांना वर्षाची भरपगारी रजा दिली, पण शेतात राबणारी आणि दुसऱ्याच्या घरी भांडी घासणारी बाई त्याच्या बाहेरच राहिली. पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० साली संप केला तेव्हा त्यांच्या मागण्यांत पगारवाढीच्या जोडीला भरपगारी सुट्टी होती. त्यांना हा शौक वाटला नव्हता. तो आपल्याला, त्यांच्या वतीनं बोलणाऱ्यांना, वाटू लागला.

घरातल्या रजेचं तर कुणी नावच काढत नाही. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. शाळेला सुट्टी लागली की बाईची मिनिटं वाढतात. सणाला आणखी वाढतात. आपल्या बायकांना घर सोडून राहायची जी मुभा मिळते ती बाळंतपणाची, दवाखान्याची, नाहीतर वारीची. आषाढीला हजारो बायका आळंदी-देहूपासून पंढरपूरपर्यंत चालतात, राहुट्यांत झोपतात, उघड्यावर आंघोळी करतात, फुगड्या खेळतात. त्यांच्या तोंडावर तेव्हा जे असतं ते मी पाहिलं आहे, आणि ते केवळ विठोबाचं नाही. पण रजा मिळते ती त्याच्या नावानं. तूरमधूनही स्पेनमधल्या सांतियागोला जाणारी जुनी यात्रावाट निघते. त्या वाटेवर आज देव न मानणाऱ्या बायकाही बिनदिक्कत चालतात. आपल्या नावानं निघायला त्यांना मध्ये कुणी लागत नाही.

१० डिसेंबर १९४८ ला मानवी हक्कांचा जाहीरनामा पॅरिसमध्येच मंजूर झाला. त्याच्या पहिल्या कलमातले 'सर्व पुरुष' हे शब्द बदलून 'सर्व मानव' करून घेतले ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी, हे आपण प्रत्येक प्रशिक्षणात अभिमानानं सांगतो. चोविसावं कलम कुणी सांगत नाही. विश्रांतीचा, फुरसतीचा आणि ठरावीक काळानं भरपगारी सुट्टीचा हक्क, सर्व मानवांना. हंसाबेननी बदललेला शब्द त्या कलमालाही लागू आहे.

मी ज्या वस्तीत काम करते तिथल्या घरकामगार बायकांच्या गटाला मी फोनवर फोटो दाखवले. त्यांनी मला उपयोग विचारला नाही. पहिला प्रश्न होता, "तिथं सैपाक कोन करायचं?" मी म्हटलं, दोघी मिळून, एका बर्नरवर, नाहीतर पाव-चीज. यावर त्यांच्यात बरीच चर्चा झाली. आठ-दहा दिवस पोळी नाही म्हणजे लाटणंच नाही! दुसरीनं विचारलं, "सासू काय म्हनली?" तिसरी म्हणाली, "आमाला एक रात जरी पोरांबिगर मिळाली तरी झोपूनच काढू."

फेब्रुवारीत आम्ही सतराजणी दोन रात्रींसाठी कोकणात गेलो. समुद्राजवळच्या एका शाळेच्या खोल्यांत राहिलो, जेवण बाहेरून. मुलं नाहीत, प्रशिक्षण नाही, गाणी शिकवणं नाही, भिंतीवर तक्ते नाहीत. तिघीजणी खरंच दिवसभर झोपल्या. त्यासाठी सतरा घरांत दोन महिने आधीपासून बोलावं लागलं, चार नवरे शेवटपर्यंत नाहीच म्हणाले, एक बाई त्यामुळे राहिली, आणि ज्या घरी त्या कामाला जातात तिथल्या मालकिणींपैकी फक्त पाचजणींनी पगार कापला नाही.

आणि परत आल्यावर हिशेब. आमच्या संस्थेच्या जमाखर्चात 'प्रशिक्षण' आहे, 'क्षेत्रभेट' आहे, 'क्षमतावाढ' आहे. 'सुट्टी' असं सदर नाही. हिशेबनीस म्हणाले, ताई, 'क्षेत्रभेट' लिहा, निधी देणाऱ्यांना चालेल. मी नाही म्हटलं. त्यांनी ते बत्तीस हजार सातशे रुपये सध्या 'इतर' या सदराखाली टाकले आहेत. येत्या वार्षिक सभेत मी दोन ठराव मांडणार आहे. एक, अंदाजपत्रकात 'सुट्टी' हे सदर घालावं, गटातल्या बायकांसाठीही आणि पगारी कार्यकर्त्यांसाठीही. दोन, कार्यकर्तीनं वर्षाची रजा घेतली नाही तर तिच्या समर्पणाचं कौतुक न करता कार्यकारिणीनं तिच्याकडून लेखी खुलासा मागवावा. दोन्हींना अनुमोदक हव्या आहेत. इतर संघटनांनीही आपापल्या सभेत हे ठराव मांडले तर मला कळवावं.